टोल्यापर्यंत उतरणारा हिवतापाचा नकाशा

महाराष्ट्राचा जिल्हानिहाय हिवताप नकाशा उघडला की गडचिरोली गडद रंगात दिसते, पण त्यातून तेथे काम करणाऱ्याला नवे काहीच कळत नाही. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत हिवताप आहे हे तेथील प्रत्येक आशा कार्यकर्तीला तोंडपाठ आहे. तिला आणि तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला हवे असते ते निराळे: पावसाळा लागण्यापूर्वी हाताशी असलेले एकच फवारणी पथक आधी कोणत्या गावाला पाठवायचे, मच्छरदाण्या कोणत्या टोल्यावर (गावापासून सुट्या लहान वस्तीवर) कमी पडतात आणि पुराने रस्ता तुटण्याआधी तपासणी किट व औषधे कोठे पोचती करायची. या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा नकाशा तालुका पातळीवर, विनामूल्य साधनांनी, दोनतीन माणसांना तयार करता येतो. तो कसा करावा आणि तो करताना कोठे फसगत होते, हे पुढे क्रमाने लिहिले आहे. उदाहरणे गडचिरोलीची आहेत, कारण एवढी निकड महाराष्ट्रात फारशी कोठे नाही.

एकक ठरवणे

पहिला निर्णय संगणकाला हात लावण्यापूर्वीचा आहे: नकाशावरचा एक ठिपका म्हणजे काय? आरोग्य केंद्र, उपकेंद्र, महसुली गाव की टोला? माझे मत ठाम आहे, तो टोलाच असावा. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस डास सामान्यतः आपल्या पैदाशीच्या पाण्यापासून एकदोन किलोमीटरच्या टप्प्यात वावरतो. एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत नाल्याकाठचा टोलाही असतो आणि दहा किलोमीटरवरचे डांबरी रस्त्यालगतचे बाजाराचे गावही असते. दोघांची सरासरी काढली की नाल्याकाठची माणसे आकड्यात हरवून जातात. महसुली गाव हे एककही पुरेसे नाही, कारण एकाच महसुली गावाचे दोन टोले डोंगराच्या दोन अंगांना असू शकतात. जागतिक हिवताप नकाशे साधारण पाच किलोमीटरच्या चौकटींत काढलेले असतात. देशांची तुलना करायला ते उपयोगी आहेत, पण अशा एका चौकटीत आपले तीनचार टोले सहज सामावतात.

म्हणून कामाची सुरुवात यादीपासून करावी. २०११ च्या जनगणनेचे गावांचे सहा अंकी संकेतांक घ्यावेत, त्यांना जोडून प्रत्येक टोल्याला आपला एक उपक्रमांक द्यावा आणि रुग्णांच्या नोंदी, लोकसंख्या, मच्छरदाण्या असे सगळे तक्ते या क्रमांकानेच जोडावेत. नावावर विसंबू नये. गोंडी किंवा माडिया भाषेतील गावाचे नाव मराठी नोंदवहीत एका तऱ्हेने, इंग्रजी अहवालात दुसऱ्या तऱ्हेने आणि प्रयोगशाळेच्या वहीत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले सापडते, शिवाय एकाच नावाची दोन गावे एका तालुक्यात असणेही दुर्मीळ नाही. हे जुळवण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला कित्येक दिवस लागतात, पण येथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

टोल्याचे स्थान मोबाइलच्या जीपीएसवर घेता येते. अंगणवाडी, हातपंप किंवा गोटूल (गोंड-माडिया वस्तीचे सामुदायिक घर) अशी वस्तीच्या मध्याजवळची एक जागा सगळीकडे सारखी ठरवावी, उघड्या आकाशाखाली मिनिटभर थांबावे आणि दशांश अंशांत पाच स्थानांपर्यंत नोंद करावी. पाचवे दशांश स्थान म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर. मोबाइल तितका अचूक नसतो, पण नोंद लिहिताना अंक गाळण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यात अक्षांशाचा आकडा १८ ते २१ च्या दरम्यान आणि रेखांशाचा ८० च्या आसपास येतो. दोन रकाने चुकून अदलाबदल झाले तर तोच ठिपका उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार बेटांवर जाऊन पडतो, म्हणून नोंदी भरल्यावर सगळे ठिपके एकदा नकाशावर टाकून तालुक्याबाहेर कोणते पडले ते पाहावे.

नकाशासाठी क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणक प्रणाली पुरेशी आहे. पायाभूत नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळाचा घेता येतो, आणि नाल्यांची नावे व जुन्या पायवाटा पाहायला भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारांत एक प्रमाणाचे नकाशे अजूनही फार कामाचे आहेत. अंतरे मोजण्यापूर्वी मात्र सगळे थर, म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवलेल्या माहितीचे पदर, अंशांतून मीटरमध्ये आणावे लागतात. त्यासाठीची यूटीएम पद्धत, जी पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकात मीटरने मोजते, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागात ४४ उत्तर विभागाची, तर मुंबई, पुणे, नाशिक आणि गोव्यासाठी ४३ उत्तर विभागाची निवडावी. हे रूपांतर विसरले की एक किलोमीटरचे वर्तुळ काढायला सांगितल्यावर संगणक एक अंशाचे, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरचे वर्तुळ काढतो.

रुग्ण कोठला आणि डास कोठला

नोंदवहीत रुग्णाचा पत्ता असतो. नकाशाला हवी असते ती डास चावल्याची जागा, आणि या दोन जागा एकच असतील असे नाही. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारात डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ९ ते १४ दिवस जातात. त्यामुळे रक्तनमुना घेताना एक प्रश्न नेमाने विचारावा आणि त्याचे उत्तर लिहून ठेवावे: गेल्या तीन आठवड्यांत रात्री कोठे झोपलात? "बाहेरगावी गेला होतात का", असे विचारून भागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्ता तोडायला जंगलात मुक्कामाला गेलेला माणूस, धान पिकल्यावर राखणीसाठी शेतातल्या झोपडीत झोपणारा शेतकरी, सीमेपलीकडे छत्तीसगडमधील नातेवाइकांकडे गेलेली बाई, यांपैकी कोणीही आपण बाहेरगावी गेलो होतो असे म्हणणार नाही. आश्रमशाळेतील मुलांचेही असेच होते. मूल सुटीत गावी गेले, तेथे चावा बसला आणि शाळेत परतल्यावर ताप आला, तर रुग्ण शाळेच्या गावात मोजला जातो आणि तिकडचा टोला कोराच राहतो.

नोंदी नकाशावर टाकण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी चाळून घ्याव्या लागतात. पहिली, व्हायवॅक्स हा हिवतापाचा दुसरा प्रकार आणि फॅल्सिपेरम वेगळे ठेवावेत. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात सुप्त राहून काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात, त्यामुळे आजचा व्हायवॅक्स रुग्ण हा आजच्या डासांचा पुरावा असेलच असे नाही. फॅल्सिपेरमचा ताजा रुग्ण, विशेषतः गाव न सोडलेले लहान मूल, हा मात्र त्या वस्तीत सध्या लागण चालू असल्याचा सर्वांत सबळ पुरावा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे दुबार नोंदी. फॅल्सिपेरमसाठीची जलद चाचणी उपचारानंतरही काही आठवडे होकारार्थी येऊ शकते, म्हणून एकाच व्यक्तीची महिन्याच्या आतली दुसरी नोंद सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपट्टी पाहिल्याशिवाय नवा रुग्ण म्हणून धरू नये.

यानंतर वार्षिक परजीवी निर्देशांक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एपीआय, काढावा: वर्षातील निश्चित रुग्णांना लोकसंख्येने भागून हजाराने गुणणे. सूत्र सोपे आहे, पण टोल्याच्या पातळीवर ते दगा देते. समजा, ८० माणसांच्या टोल्यावर वर्षात एक रुग्ण सापडला; एपीआय झाला १२.५. २००० वस्तीच्या गावात १० रुग्ण सापडले, एपीआय ५. नकाशावर टोला गावापेक्षा दुपटीहून भयंकर दिसेल, प्रत्यक्षात त्या टोल्यावर एकच माणूस आजारी पडला आहे आणि पुढच्या वर्षी कोणीही न पडल्यास रंग एकदम पांढरा होईल. यावर साधा उपाय म्हणजे तीन वर्षे एकत्र मोजणे. त्याच टोल्यावर तीन वर्षांत मिळून तोच एक रुग्ण असेल तर वार्षिक दर ४.२ होतो, आणि दरवर्षी एकेक सापडत असेल तर तो १२.५ वरच राहतो. मग तो योगायोग मानता येत नाही. दराच्या जोडीला रुग्णांची प्रत्यक्ष संख्याही दाखवावी: ठिपक्याचा रंग दराचा आणि आकार संख्येचा.

शून्याबद्दल याहून अधिक सावध राहावे लागते. ज्या टोल्यावर वर्षभरात कोणाचे रक्तच तपासले नाही, तेथेही रुग्णसंख्या शून्यच येते. वर्षाला लोकसंख्येच्या किमान १० टक्के रक्तनमुने तपासले जावेत अशी आपल्याकडे जुनी अपेक्षा आहे. ज्या टोल्यांवर ती पूर्ण होत नाही त्यांना हिरवा किंवा पांढरा रंग देऊ नये. त्यांच्यासाठी करडा रंग राखून ठेवावा आणि सूचीत स्पष्ट लिहावे की येथे पुरेशी तपासणी झालेली नाही. माझ्या दृष्टीने सबंध नकाशातला सर्वांत महत्त्वाचा रंग हाच आहे, कारण तपासणी कमी होते ती बहुधा दूरच्या आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या वस्त्यांवर, आणि हिवतापाने मृत्यू होतात तेही तेथेच.

पाण्याचा थर

येथपर्यंतचा नकाशा मागे काय झाले ते सांगतो. पुढे काय होऊ शकते यासाठी डासांचे पाणी शोधावे लागते, आणि कोणता डास हे आधी ठरवल्याशिवाय पाणी शोधता येत नाही. गडचिरोलीत मुख्यतः दोन ॲनॉफिलिसांचा विचार करावा. फ्लुव्हिएटिलिस हा जंगल-डोंगरातील संथ वाहत्या, स्वच्छ नाल्यांच्या काठच्या गवतात वाढतो. तो माणसाचे रक्त पसंत करतो आणि त्यामुळे संख्येने थोडा असूनही घातक ठरतो. क्युलिसिफेसिस हा नदीपात्रातील डबकी, कालवे, भातखाचरे आणि खड्ड्यांतल्या साचलेल्या पाण्यात वाढतो, बराचसा गुरांवर जगतो आणि गोठ्यात विसावतो. मुंबई किंवा पणजीसारख्या शहरात हेच काम करायचे असेल तर हा थर बाजूला ठेवून विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामाच्या जागा यांचा थर करावा लागेल, कारण तेथे गाठ स्टीफेन्साय या शहरी ॲनॉफिलिसशी असते.

उपग्रहाची मदत येथे मोलाची आहे, पण तिच्या मर्यादा माहीत असाव्यात. सेंटिनल-२ उपग्रहाची चित्रे विनामूल्य मिळतात आणि त्यांतील एक चौकट १० मीटरची असते. हिरव्या आणि निकटअवरक्त पट्ट्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की पाण्याचा निर्देशांक मिळतो. त्यावर माजी मालगुजारी तलाव, मोठ्या बोड्या (शेतातली लहान तळी), नद्यांची पात्रे आणि पाणी भरलेली खाचरे छान उठून दिसतात. भर पावसाळ्यातली चित्रे ढगांनी झाकलेली असतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील निरभ्र दिवसाचे चित्र निवडावे. जुलै-ऑगस्टचे पाणी पाहणे आवश्यकच असेल तर ढगांपलीकडे पाहू शकणाऱ्या सेंटिनल-१ च्या रडार चित्रांकडे वळावे. मात्र झाडांच्या छत्राखालचा दोन मीटर रुंदीचा नाला यांपैकी कशावरही दिसत नाही, आणि फ्लुव्हिएटिलिस नेमका तेथेच असतो. तेथे उंचीचा आराखडा उपयोगी पडतो. भुवनवर मिळणाऱ्या ३० मीटरच्या उंचीच्या आकड्यांवरून क्यूजीआयएस पाण्याच्या वाटा काढून देते, आणि उतार कमी होऊन पाणी रेंगाळणारी ठिकाणेही दाखवते. या वाटांपासून प्रत्येक टोल्याचे अंतर मोजून पाचशे मीटरच्या आत, एक किलोमीटरच्या आत, दोन किलोमीटरच्या आत आणि त्यापलीकडे असे चार गट करावेत.

संगणकाने दाखवलेले पाणी हा अंदाज असतो. त्याची शहानिशा पायी करावी लागते आणि तिला पर्याय नाही. नाल्याकाठी उभे राहताना आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, कारण सावली पडली की अळ्या तळाशी बुडी मारतात. दोनतीन मिनिटे शांत थांबावे आणि मग लांब दांड्याचा पांढरा डोया (पळीसारखे भांडे) काठच्या गवतालगत तिरका बुडवून पाणी घ्यावे. पांढऱ्या तळावर अळी स्पष्ट दिसते. ॲनॉफिलिसच्या अळीला श्वासनळीचे शेपूट नसते, त्यामुळे ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी तरंगते. क्युलेक्स या दुसऱ्या डासाची अळी डोके खाली घालून तिरकी लोंबकळते. एका जागी दहा डोये घ्यावेत, किती डोयांत ॲनॉफिलिसच्या अळ्या मिळाल्या ते लिहावे, स्थानाची नोंद करावी आणि तारीख टाकावी. अळ्या न मिळालेल्या जागाही तितक्याच काळजीने नोंदवाव्यात, कारण नकाशाची परीक्षा त्यांच्यावरच होते. नदी-नाल्यांच्या काठाने हातात यंत्र धरून फिरणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल या भागात शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून ग्रामसभेला आणि पोलीस पाटलांना आधी सांगावे, आणि गावातला एक माणूस नेहमी बरोबर घ्यावा. तसेही कोणत्या डबक्यात दिवाळीपर्यंत पाणी टिकते हे त्याला उपग्रहापेक्षा चांगले ठाऊक असते.

माणसे आणि रस्ते

पाणी आणि डास असूनही हिवताप पसरेल की नाही हे माणसे कोठे व कशी झोपतात यावर ठरते. प्रत्येक टोल्याच्या नोंदीत किती मच्छरदाण्या आहेत याऐवजी रात्री किती माणसे त्यांत झोपतात हे विचारावे, आणि शेतातल्या झोपडीत मच्छरदाणी नेली जाते का, हे वेगळे विचारावे. मागच्या वर्षी किती घरांत फवारणी झाली आणि त्यानंतर किती घरे शेणामातीने सारवली गेली हेही लिहावे, कारण सारवलेल्या भिंतीवर कीटकनाशकाचा थर झाकला जातो. गोठा घराला लागून आहे की दूर, एवढी एक साधी नोंदही क्युलिसिफेसिससाठी पुरेशी ठरते.

दुसरा थर पोचण्याचा. टोल्यापासून तपासणी आणि उपचार मिळणाऱ्या ठिकाणापर्यंत किती किलोमीटर यापेक्षा किती वेळ लागतो ते मोजावे, आणि एकदा उन्हाळ्याचा व एकदा पावसाळ्याचा असे दोन आकडे लिहावेत. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. फॅल्सिपेरम हिवतापात उपचाराला झालेला उशीर जिवावर बेततो, त्यामुळे मध्यम लागणीचा पण पावसाळ्यात दोन नाल्यांपलीकडे अडकणारा टोला माझ्या यादीत जास्त लागणीच्या रस्त्यालगतच्या गावाच्या वर येतो. येथे कोणी मतभेद दाखवला तर त्याची चर्चा उघडपणे व्हावी; आकड्यांच्या आड हा निर्णय लपवू नये.

आणखी एक गोष्ट नकाशे नेहमी विसरतात. जिल्ह्याची सीमा आली की कागद कोरा होतो, पण इंद्रावतीच्या पलीकडेही माणसे राहतात, नात्यागोत्याचे येणेजाणे असते आणि आठवडी बाजार दोन्हींकडचे असतात. सीमेपलीकडच्या किमान पाच किलोमीटरमधील वस्त्या, निदान त्यांची स्थाने तरी, नकाशावर असावीत.

थर एकत्र करणे आणि तपासणे

आता प्रत्येक टोल्यासाठी चारपाच आकडे हाताशी आले: तीन वर्षांचा फॅल्सिपेरम दर, तपासणीचे प्रमाण, पाण्यापासूनचे अंतर, मच्छरदाणीत न झोपणाऱ्यांचे प्रमाण, पावसाळ्यातला प्रवासाचा वेळ. यांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत रूढ आहे आणि ती वाईट नाही, फक्त तिचे वजन कोणीतरी ठरवलेले असते हे लक्षात ठेवावे. म्हणून वजने दोनतीन तऱ्हांनी बदलून पाहावीत. जे टोले कोणत्याही वजनाने पहिल्या वीसमध्ये येतात त्यांच्याबद्दल शंका उरत नाही. जे वजन बदलताच वरखाली होतात, तेथे निर्णयाआधी माणूस पाठवून पाहावे.

मग नकाशाची कसोटी घ्यावी. शेवटच्या वर्षाचे रुग्ण बाजूला ठेवून केवळ आधीच्या तीन वर्षांच्या माहितीवर जोखमीची क्रमवारी लावावी, आणि बाजूला ठेवलेल्या वर्षाचे किती रुग्ण वरच्या एक पंचमांश टोल्यांत निघाले ते मोजावे. त्या टोल्यांत लोकसंख्येचा जेवढा वाटा आहे त्याच्या आसपासच रुग्णांचा वाटा आला, तर नकाशाने काहीच सांगितले नाही आणि कोणता थर चुकला ते शोधायला हवे. तोच वाटा दुप्पट-तिप्पट आला, तर फवारणीचे वेळापत्रक त्यावर बेतायला हरकत नाही.

रंगांच्या पायऱ्या कायमच्या ठरवाव्यात: शून्य, एकपेक्षा कमी, एक ते दोन, दोन ते पाच, पाच ते दहा, दहाच्या वर, आणि अपुऱ्या तपासणीचा करडा. संगणक आपोआप पाडतो त्या पायऱ्या दरवर्षी बदलतात आणि मग यंदाचा लाल रंग आणि गेल्या वर्षीचा लाल रंग यांची तुलना करता येत नाही. घरोघरचे रुग्ण दाखवणारा नकाशा कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नये. पन्नास उंबऱ्यांच्या टोल्यावर एक ठिपका म्हणजे एका माणसाचे नावच असते. बाहेर दाखवायचा नकाशा टोल्याच्या पातळीवर थांबावा.

शेवटी हा नकाशा मोठ्या कागदावर छापून उपकेंद्राच्या भिंतीवर लावावा, कोपऱ्यात तयार केल्याची तारीख लिहावी आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधून ठेवावी. आशांच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने आपल्या टोल्यापाशी जाऊन बदल लिहावेत: नवी बोडी खोदली, हा टोला उठून रस्त्याकडे आला, येथे रस्त्याच्या कामासाठी मुरूम काढला आणि खड्डा पाण्याने भरला, या नाल्यात गप्पी मासे सोडले. मेच्या पहिल्या आठवड्यात, फवारणीचे वेळापत्रक ठरण्याआधी, पेन्सिलीच्या या सगळ्या खुणा संगणकावर उतरवून नवी प्रत काढावी आणि जुनी प्रत तारखेसकट जपून ठेवावी.